वळसंगच्या पुढे, कायदा शिकायला

भाद्रपद चालू होता आणि आगगाडीच्या खिडकीतून शेतं रिकामी दिसत होती. नांगरून, कुळवून काळीभोर करून ठेवलेली, पण आत एक काडी नाही. मी दापोलीची. आमच्याकडे भाद्रपदात भात कमरेएवढं असतं, आणि जमीन रिकामी दिसली की समजायचं, मालक मुंबईला गेला. मला वाटलं, इथे काहीतरी मोठं विपरीत घडलेलं दिसतंय. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना तसं विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, बाई, ही रब्बीची वावरं (शेतं), आमची ज्वारी पाऊस सरता सरता पेरायची, तोवर रान असंच मोकळं ठेवायचं असतं. म्हणजे सोलापुरात पाय ठेवायच्या आधीच माझं एक मत चुकलं.

मी कशाला निघाले होते ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही घरी बसून तर्क करत बसाल. मी लॉ कॉलेजात प्रवेश घ्यायला निघाले होते. लेकीचा नव्हे, माझा स्वतःचा. दापोलीच्या कोर्टासमोर एका वकिलांच्या ऑफिसात मी अर्धं आयुष्य टाइप करण्यात घालवलं. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. साहेब थकले, त्यांनी ऑफिस बंद केलं, आणि मी घरी बसले. बसून करायचं काय? मुक्त विद्यापीठाची पदवी मी मागेच घेऊन ठेवली होती, प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाले. आमचे 'हे' आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी म्हणाले, "बघ बाई, चहा मला करता येतो, आमटीचं तेवढं लिहून ठेव."

लेक प्राजक्ता सोलापुरात बँकेत आहे, शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहते. तिच्याकडे राहायची सोय म्हणून मी सोलापूरकडचीच कॉलेजं भरली होती. पहिल्या यादीत नाव लागलं ते वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातल्या कॉलेजात. शहरातलं कॉलेज दुसऱ्या यादीत मिळेल अशी आशा होती, पण खात्री नव्हती. आणि अट अशी, की मी सोलापुरात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलवर कळवायचं. खेड्यातलं घेतलं तर शहरातलं सुटलं. सोडलं आणि दुसऱ्या यादीत नाव नाही आलं तर वर्ष गेलं. या वयात वर्ष जाणं म्हणजे काय ते विशीतल्या पोरांना कळायचं नाही. म्हणून ठरलं, की उतरल्या दिवशी शहरातलं कॉलेज बघायचं, दुसऱ्या दिवशी खेड्यातलं, आणि मग बोट दाबायचं.

शुक्रवार पेठेत बोळ अरुंद आणि माणसं मोठ्याने बोलणारी. प्राजक्ताच्या घरमालकीणबाई घरात तेलुगू बोलतात आणि जिन्यात आल्या की मराठी. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली आणि कौतुकाने प्राजक्ताच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, बँक सांभाळून वकिली शिकणार, हुशार हो पोरगी. प्राजक्ताने सांगितलं की शिकणार ती आई. बाई हसल्या, त्यांना ती थट्टा वाटली. मी भाकरीचा तुकडा दातांनी तोडायला गेले आणि डाव्या दाढेतून कळ निघाली. ती भाकरी दुधात नाहीतर आमटीत चुरायची असते, हे मला दाढ दुखल्यावर सांगण्यात आलं. चटणी मात्र अशी होती, की नुसती चाटत बसावं.

दुपारी शहरातल्या कॉलेजवर गेलो. इमारत मोठी, दगडी, समोर दुचाक्यांची ही रांग. फाटकावरच्या माणसाने प्राजक्ताला आत सोडलं आणि मला म्हणाला, "मम्मी, तुमी बाहेर थांबा, पालकांना आत परवानगी न्हाय." प्राजक्ता चिडली. मी कागद दाखवले. त्याने कागदावरचा फोटो आणि माझं तोंड दोन-तीनदा ताडून बघितलं, आणि शेवटी सोडलं ते अशा नजरेने, जणू मी कुणाची तरी चप्पल घालून निघालेय. आत वर्ग चांगले, पंखे चालू, बाक चकचकीत, पण वर्गात कुणी नाही. एका मुलाला विचारलं तर म्हणाला, काकू, हितं रोज कोण येतं, परीक्षेच्या आधी नोट्स मिळतात की. मला बरं वाटावं म्हणूनच तो म्हणाला असावा. प्राजक्तालाही ते फार सोयीचं वाटलं. घरापासून रिक्षाने पाच मिनिटं, रोज जायला नको, दगदग नाही.

मी रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिले. जायचंच नसेल तर मी दापोली कशाला सोडली? आणि जायचं असेल तर त्या फाटकातून रोज जायचं? मला रडू आलं, ते मी पंख्याच्या आवाजात आटोपून घेतलं.

सकाळी अक्कलकोटची एसटी धरली. शहर सुटलं आणि पुन्हा ती काळी रिकामी रानं सुरू झाली. मध्येच तुरीचा हिरवा पट्टा, कुठे उडीद काढून खळ्यावर टाकलेले, बांधावर बाभळी आणि लिंब (कडुलिंब), आणि या सगळ्यावर एवढं मोठं आभाळ, की मला जरा उघड्यावर पडल्यासारखं झालं. आम्हा कोकणातल्या लोकांना डोळ्यांपुढे एखादा डोंगर लागतोच. गाडीत निम्मी माणसं मराठीत भांडत होती, निम्मी कानडीत, आणि दोघांना एकमेकांचं समजत होतं.

कंडक्टरला लॉ कॉलेजचं तिकीट मागितलं, तर त्याला असं कॉलेज ठाऊकच नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, डेअरी म्हणा की, डेअरी. तेव्हा उलगडा झाला. पूर्वी तिथे दूध संकलन केंद्र होतं, त्याच्यावर मजला चढवून कॉलेज केलेलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं कॉलेजवाल्यांना आवडेल की नाही देव जाणे.

उतरलो तर समोर दुमजली इमारत, खालच्या खोल्यांत अजून दुधाचे फरशीचे हौद, आणि दारात एक मोठा लिंब. त्याच्या पारावर सात-आठ माणसं बसलेली. प्राचार्य सोलापूरला गेले होते, म्हणजे आम्ही इकडे आलो आणि ते तिकडे. ऑफिसातल्या माणसाने मॅडम तासावर आहेत, थांबा, असं सांगितलं. प्राजक्ताला कुठे बसवेना. ती त्या माणसाला घेऊन वर्ग, ग्रंथालय, बायकांची स्वच्छतागृहं तपासायला निघाली. तिला कॉलेजात घालताना मी नेमकं हेच केलं होतं, नळ सोडून पाणी येतं का ते बघण्यासकट. मी पारावर जाऊन टेकले.

आता माझा अवतार सांगायला हवा. पांढरी सुती साडी, काळं पोलकं, चष्मा, हातात कागदांची फाइल. मी काही मुद्दाम घातलं नव्हतं, प्रवासात मला तीच साडी बरी पडते. पण झालं असं, की तो गुरुवार होता, आणि गुरुवारी या कॉलेजातली शिक्षक मंडळी लिंबाखाली बसून गावकऱ्यांना फुकट सल्ला देतात. पारावरची माणसं त्यासाठीच आलेली. त्यांनी मला बघितलं, आणि चाळिशीचा एक गृहस्थ टोपी सरळ करत पुढे आला.

"वकीलबाई, तुमी नव्या आला व्हय?"

मी म्हटलं, मी वकील नाही, प्रवेशासाठी आलेय. तो म्हणाला, लेकीच्या व्हय, बरं बरं, आणि समोर मांडी घालून सांगायलाच लागला. मला त्याला थांबवता आलं असतं. पण मी थांबवलं नाही, कारण ऐकायची मला सवय. आमच्या ऑफिसात साहेब यायच्या आधी पक्षकार टाइपिस्टपुढेच मन मोकळं करायचे. बोटं फाइलवर आपोआप हलायला लागली.

त्याचं नाव मल्लिनाथ. इकडे पेरणीच्या आधी रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. म्हणजे धनगराला बोलवायचं, त्याने रात्री त्याचा कळप आपल्या शेतात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळतं, बदल्यात धनगराला धान्य द्यायचं. मल्लिनाथने असाच एक कळप दोन रात्रींसाठी सांगितला होता आणि स्वतः भाचीच्या सुपारीला (लग्न पक्कं करायला) परगावी गेला. परत येऊन बघतो तर त्याचं रान कोरडं ठणठणीत, आणि मेंढरं बसून गेलेली बांधापलीकडच्या सिद्रामच्या रानात. आता पेरणी तोंडावर आलेली. त्याचं म्हणणं, कळपाने आणखी दोन रात्री त्याच्या रानात बसलं पाहिजे.

मला यात अवघड काहीच दिसेना. ठरलं एका शेताचं, बसवलं दुसऱ्यात, म्हणजे ठरलेलं काम झालंच नाही. मी चष्मा वर सरकवून म्हटलं, तुमचं बरोबर आहे, त्यांना बसायलाच हवं. मल्लिनाथचा चेहरा फुलला. आणि खरं सांगते, माझाही फुलला. उभ्या आयुष्यात मी कुणाला पहिल्यांदा निकाल दिला होता.

पाराच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, कपाळाला भंडारा, हातात काठी, पायाशी काळा कुत्रा. तिचं नाव मायव्वा, कळप तिच्याच घरचा. ती शांतपणे म्हणाली, "बाई, माजं बी ऐका की." तिचं मराठी कानडीच्या चालीवर जात होतं. पुढच्या गावच्या शेतकऱ्याला तिने आजचाच वायदा दिलेला. त्याचीही पेरणी तोंडावर. इथे दोन रात्री थांबलं तर त्याचं रान राहतं, आणि त्याच्याकडून काही चूक झालेली नाही. शिवाय तिच्या माणसांनी आपल्या मनाने जागा धरलीच नव्हती. मल्लिनाथच्या वडिलांनी बांधावर उभं राहून काठीने जागा दाखवली, हितं बसवा म्हणाले, आणि तिथेच धनगरांनी वाघर (मेंढरं कोंडायचं जाळं) लावली. घरच्या माणसाने दाखवलेली जागा, मग धनगराची चूक कुठली?

घ्या! मी म्हटलं, मग तुमचं बरोबर. घरच्याच माणसाने दाखवलं म्हणजे ते मल्लिनाथवर बंधनकारक. मल्लिनाथचा चेहरा पडला. तो म्हणाला, मग सिद्रामला फुकटचं खत मिळालं त्याचं काय? मी म्हटलं, हो, तेही आहेच, मग सिद्रामने भरपाई करावी. मायव्वा म्हणाली, त्यानं कुटं बोलवलं होतं? मी म्हटलं, तेही खरंच. पारावरची बाकीची माणसं आता माझ्याकडे बघत होती. एक जण बिडी विझवून नीट सरसावून बसला.

मायव्वाने विचारलं, "मग आमी निगावं का ऱ्हावं, तेवडं सांगा."

मला सांगता येईना. जो बोलत होता त्याचं मला पटत होतं, आणि दुसरा बोलला की त्याचं. मी स्वतःवर चिडले, एवढी वर्षं कोर्टाच्या दारात काढली आणि एक मेंढराचं भांडण सुटत नाही? आणि तिथे त्या पारावर मला एकदम कळलं. मी आयुष्यभर एकाच बाजूचं टाइप केलं होतं. साहेबांकडे जो आला त्याचं. तो मला खराच वाटायचा, त्याच्यासाठी मी घरी जाऊन हळहळायचेसुद्धा. दुसऱ्या बाजूचं रस्त्यापलीकडच्या ऑफिसात दुसरी टाइपिस्ट टाइप करायची, आणि ती तिकडे त्याच्यासाठी हळहळत असणार. दोन्ही माणसं एका पारावर समोर बसलेली मी कधी बघितलीच नव्हती. वाईट वाटलं. म्हणजे मला वाटत होतं की मला थोडा कायदा येतो, तेवढाही येत नव्हता.

मायव्वाला मी म्हटलं, आजी, मला नाही सांगता येत, मी वकील नाही, मी इथे शिकायला येऊ की नको ते बघायला आलेय. मी स्वतःच शिकणार आहे. आता ही हसणार, अशी मी तयारी ठेवली होती. ती हसली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मेंढी बघावी तसं, आणि म्हणाली, "दात धड हायत. शिका की."

तेवढ्यात मॅडम आल्या. प्राजक्ताहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पदराला खडूची पूड. आधी मायव्वाशी कानडीत बोलल्या, मग मल्लिनाथशी मराठीत. मी कान टवकारून होते, की आता निकाल काय देतात. त्यांनी निकाल दिलाच नाही. त्या नुसतं विचारत राहिल्या. सिद्राम कोण? मल्लिनाथने मान खाली घातली. सिद्राम त्याचा सख्खा थोरला भाऊ निघाला. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नाहीत. म्हणजे मला इतका वेळ तो शेजारी म्हणून सांगत होता! वडील राहतात कुणाकडे? मल्लिनाथकडे. रान वाटणीआधी कसं होतं? एकच होतं, बांध नंतर घातला.

मग मॅडमनी सावकाश विचारलं, "वडिलांना विचारलं का, त्यांनी ते वावर का दाखवलं?"

मल्लिनाथ लिंबाची पानं काढून फाडत राहिला. मग म्हणाला, "न्हाय. त्यांना दिसत न्हाय नीट. मला वाटलं चुकलं आसंल."

"वाटलं," मॅडम म्हणाल्या. "बरं, त्यांना आणा आधी."

बिडीवाला गृहस्थ मोटरसायकल घेऊन म्हाताऱ्याला आणायला गेला. मायव्वाने कुत्र्याला बसायला सांगितलं आणि स्वतःही बसली, म्हणजे निघायचं तिनेही लांबवलं. माझ्या मनात एकच, म्हाताऱ्याला दिसलं नाही, का बांध अजून दिसतच नाही, का धाकट्याच्या दारात राहून थोरल्याच्या रानाला दोन रात्रींचं खत पोचवावंसं वाटलं? आणि ते समजा तसं असलं, तर मग कुणाचं बरोबर?

आणि नेमकी तेव्हाच आमची एसटी आली. पुढची गाडी थेट संध्याकाळची, आणि संध्याकाळपर्यंत तर कळवायचं होतं, तिथे मोबाइलला रेंजही धड नव्हती. प्राजक्ताने मला दंडाला धरून उठवलं. मी म्हटलं, थांब गं, म्हातारा येतोय. ती म्हणाली, कोण म्हातारा? खिडकीतून मी मान वळवून बघत राहिले. समोरून मोटरसायकल येताना दिसली, मागे पांढरं धोतर आणि पटका. गाडी वळली आणि लिंब दिसेनासा झाला. इतकी चिडचिड झाली मला, की मी वळसंग येईपर्यंत लेकीशी बोलले नाही.

ती मात्र बोलत होती. बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे. ग्रंथालयाची कपाटं कुलपात, किल्ली प्राचार्यांच्या खिशात. वर्गात मोजकी मुलं, त्यातली निम्मी शेतावर. चहाला टपरी नाही. खालच्या हौदांतून अजून आंबट वास येतो. रोज एसटीने जायचं, यायचं, उन्हाळ्यात तर आई तू भाजून निघशील. सगळं खरं होतं. एकही मुद्दा मला खोडता येईना. शहरातल्या कॉलेजात पंखे होते, कड्या होत्या, आणि घर जवळ. कुणालाही विचारा, शहाणा माणूस शहरातलंच सांगेल.

शुक्रवार पेठेत पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. प्राजक्ताने मोबाइल माझ्यासमोर धरला. माझा अजून गोंधळच होता, तो गेला असं मी खोटं सांगणार नाही. तुटकी कडी डोळ्यांसमोर होती आणि म्हाताऱ्याचा पटकाही. मी खेड्यातलं कॉलेज घेतलं. प्राजक्ताने मोबाइल बाजूला ठेवला. म्हणाली, "आई, कारण तरी सांग. तिथे नेमकं काय आहे?" मी म्हटलं, तिथे दोघंही समोर बसतात. तिला काही कळलं नाही. मलाही नीट समजावता येईना. मग ती उठली, पिशवीतून एक नवीन कडी आणि चार स्क्रू काढून माझ्या हातात ठेवले. नाक्यावर रिक्षातून उतरून दुकानात काय घेत होती ते आत्ता समजलं. म्हणजे मी काय करणार ते माझ्याआधी तिला ठाऊक होतं. मी तिला जवळ घेतलं, आणि या खेपेला पंख्याचा आवाज शोधला नाही.

नंतर दापोलीला फोन लावला. 'ह्यां'नी आमटी खारट झाल्याचं सांगितलं, मग विचारलं, काय ठरलं, कॉलेज कसं आहे? मी कॉलेजचं सांगायला गेले आणि मेंढरांचंच सांगत बसले. मल्लिनाथने कळप सांगितला, सुपारीला गेला, परत येऊन बघतो तर रान कोरडं. 'ह्यां'नी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. घसा खाकरून म्हणाले, त्यात विचारायचं काय, मल्लिनाथचंच बरोबर आहे, सरळ आहे.

"थांबा," मी म्हटलं. "मायव्वाचं अजून सांगायचंय. आणि म्हाताऱ्याचं तर मलाही ठाऊक नाही."